जहाजाच्या नाशाला शिक्का आहे, माणसाच्या शब्दाला नाही : ईव्ह ऑनलाइनचे एक परीक्षण

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या जहाजांच्या खेळात मी माझ्याच कॉर्पोरेशनमधील, म्हणजे खेळाडूंच्या संघटनेतील, एका सहकाऱ्याला ८० कोटी आयएसके (खेळातले चलन) उसने दिले. खासगी चॅटमध्ये आमचे वीसेक मिनिटे बोलणे झाले. मुदत ठरली, व्याज ठरले, आणि रक्कम न फेडल्यास त्याचे कोणते जहाज माझ्याकडे यायचे, तेही ठरले. मुदत उलटल्यावर तो म्हणाला की व्याजाची गोष्ट कधी निघालीच नव्हती आणि जहाजाचा मजकूर तर मी मागाहून घुसडला आहे. प्रकरण कॉर्पच्या संचालकांपुढे गेले तेव्हा मी माझ्या संगणकात साठलेली चॅटची फाइल पुढे केली. ती कुणी उघडूनही पाहिली नाही. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण ती साध्या मजकुराची फाइल होती आणि नोटपॅडमध्ये उघडून तिच्यातला आकडा बदलायला कुणालाही दहा सेकंदांहून अधिक वेळ लागला नसता.

मी पोटासाठी दस्त लिहितो. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवाराबाहेर बसून साठेखते, खरेदीखते आणि भाडेकरार तयार करणे हा माझा दिवसाचा उद्योग आहे, आणि गेली सात वर्षे रात्रीचा वेळ या खेळात जातो. त्यामुळे खेळातील जहाजे, तारे आणि लढाया यांविषयी येथे फारसे काही लिहिणार नाही. मला तपासायचे आहे ते एवढेच, की या जगात दिलेल्या शब्दाची नोंद कशी राहते, ती तिसऱ्या माणसाला पटवता येते का, आणि ती एखाद्या मालासारखी हातोहात देता-घेता आली तर व्यवहार सुधारतील की बिघडतील.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती आवश्यक आहे. आइसलँडमधील रेक्याविक येथील सीसीपी या कंपनीने तो मे २००३ मध्ये सुरू केला. इतर बहुतेक ऑनलाइन खेळांत खेळाडू वेगवेगळ्या सर्व्हरवर विभागलेले असतात. येथे चीनमधील स्वतंत्र सर्व्हर सोडला तर सगळे जग ट्रँक्विलिटी नावाच्या एकाच सर्व्हरवर नांदते. तो लंडनमध्ये आहे. देखभालीसाठी तो रोज खेळाच्या घड्याळाप्रमाणे अकरा वाजता, म्हणजे भारतात दुपारी साडेचार वाजता, थोडा वेळ बंद होतो. सर्व्हरची गणना एका सेकंदाच्या ठोक्याने चालत असल्यामुळे भारतातून खेळताना अंतराचा त्रास जवळपास जाणवत नाही. युरोपातील खेळाडूंची संध्याकाळ मात्र आपल्या मध्यरात्रीच्या आसपास पडते, ही अडचण आहे आणि तिला उपाय नाही. अल्फा या मर्यादित स्वरूपात खेळ फुकट खेळता येतो. पूर्ण स्वरूपाला ओमेगा म्हणतात. त्याची मासिक वर्गणी भरता येते किंवा खेळातच कमावलेल्या आयएसकेमधून ५०० प्लेक्स (वर्गणीपोटी चालणारी खेळातली वस्तू) विकत घेऊन महिन्याची वर्गणी चुकवता येते. बाजार संपूर्णपणे खेळाडूंच्या हातात आहे आणि फसवणूक नियमांनुसार चालते. जिटा या बाजारपेठेच्या लोकल चॅटमध्ये पाच मिनिटे थांबले तरी पैसे दुप्पट करून देणाऱ्यांच्या डझनभर जाहिराती डोळ्यांपुढून सरकतात. कर्ज बुडवले म्हणून कंपनी मध्ये पडत नाही, आणि पडू नये असेच माझेही मत आहे. ज्या जगात शब्द मोडता येत नाही, त्या जगात शब्द पाळण्याला काही किंमत उरत नाही.

परंतु शब्द मोडण्याचे स्वातंत्र्य ही एक गोष्ट आहे आणि शब्द दिलाच नव्हता असे सांगता येणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. माझी तक्रार या दुसऱ्या गोष्टीविषयी आहे.

चॅटची नोंद ठेवण्याची सोय खेळाच्या सेटिंग्जमध्ये आहे. ती चालू असली की डॉक्युमेंट्समधील ईव्हच्या फोल्डरात, चॅटलॉग्ज नावाच्या उपफोल्डरात, प्रत्येक चॅनेलची वेगळी फाइल तयार होते. फाइलच्या डोक्यावर चॅनेलचे नाव, ऐकणाऱ्या पात्राचे नाव आणि सत्र सुरू झाल्याची वेळ असते. त्याखाली प्रत्येक ओळीत चौकटी कंसात तारीख व वेळ, मग बोलणाऱ्याचे नाव, मग मजकूर. मांडणी अतिशय स्वच्छ आहे आणि स्वतःच्या आठवणीसाठी ती उत्तम आहे. जुनी मोहीम कधी निघाली, कुणी कुणाला काय विचारले होते, हे शोधायला मी ती नेहमी वापरतो. पुरावा म्हणून मात्र ती टिकत नाही. फाइलवर कोणाचीही सही नाही, सर्व्हरकडून आलेली खूण नाही, दोन ओळींच्या मधली एक ओळ काढून टाकली तर ते ओळखण्याचा मार्ग नाही. खिडकीचे छायाचित्र घेतले तरी तीच गत. कंपनीकडे स्वतःच्या नोंदी असतात, पण त्या खेळाडूंच्या भांडणांसाठी उघडल्या जात नाहीत. मदत मागायला गेलेल्यांना पूर्वी इतक्या वेळा एकच उत्तर मिळे की ‘लॉग्ज शो नथिंग’ (नोंदींत काही दिसत नाही) हे वाक्य खेळाडूंच्या तोंडी म्हणीसारखे रुळले आहे.

याच खेळात दुसरी एक नोंद आहे, आणि तिच्याविषयी लिहिताना मला मनापासून आदर वाटतो. ती म्हणजे किलमेल. एखादे जहाज नष्ट झाले की सर्व्हर स्वतः एक नोंद तयार करतो. कोणाचे जहाज, कोणत्या सूर्यमालेत, कोणत्या क्षणी, हल्ला करणारे कोण, कोणी किती नुकसान केले, जहाजावर कोणती यंत्रे बसवलेली होती, त्यातले काय जळाले आणि काय मागे उरले, हे सगळे तिच्यात असते. सुरुवातीच्या वर्षांत ही नोंदही केवळ मजकूर होती. ती खेळातल्या टपालाने यायची, खेळाडू तो मजकूर उचलून बाहेरच्या किलबोर्डांवर, म्हणजे अशा नोंदी मांडणाऱ्या संकेतस्थळांवर, चिकटवायचे, आणि न घडलेल्या नाशांच्या बनावट नोंदी सर्रास तयार व्हायच्या. आजच्या चॅटलॉगची जी अवस्था आहे तीच तेव्हा किलमेलची होती. पुढे कंपनीने सर्व्हरवरून थेट पडताळणीची सोय दिली. आज प्रत्येक किलमेलला एक क्रमांक आणि त्यासोबत ४० अक्षरांचा हॅश, म्हणजे नोंदीवरून गणिताने काढलेली अक्षरमाला, असतो. हे दोन्ही ज्याच्याकडे आहेत तो कंपनीच्या ईएसआय या सार्वजनिक दाराशी जाऊन, स्वतःची ओळखही न देता, मूळ नोंद मिळवू शकतो. नुसता क्रमांक असून भागत नाही, कारण क्रमांक अंदाजाने सांगता येतो, हॅश सांगता येत नाही. आमच्या कार्यालयात नोंदलेल्या दस्ताची सूची क्रमांक दोनची प्रत जशी तिऱ्हाइतालाही मिळते आणि ती मिळाल्यावर ‘दस्त झालाच नव्हता’ असे कुणाला म्हणता येत नाही, तसेच हे आहे.

या व्यवस्थेने काय साधले ते बी-आर५आरबी या सूर्यमालेच्या उदाहरणावरून दिसते. २७ जानेवारी २०१४ रोजी तिथल्या ताब्याचे भाडे भरायचे राहून गेले, प्रतिपक्षाने ती संधी साधली, आणि २१ तासांच्या आसपास चाललेल्या त्या युद्धात टायटन या सर्वांत मोठ्या वर्गाची ७५ जहाजे नष्ट झाली. कंपनीने नुकसानीचा अंदाज ३ लाख डॉलरच्या वर काढला होता. त्या ७५ टायटनांपैकी प्रत्येकाची नोंद आजही पाहता येते, शेवटचा वार कोणाचा तेही सांगता येते. भाडे कोणाच्या चुकीने राहिले, कोण कोणाला ‘मी भरतो’ म्हणाला होता, यावर मात्र तेव्हा पुष्कळ वाद झाला, आणि तो वाद मिटवणारा एकही कागद खेळात नाही. त्याआधी, फेब्रुवारी २००९ मध्ये, बँड ऑफ ब्रदर्स ही त्या काळची बलाढ्य युती तिच्याच एका संचालकाने शत्रूला मिळून आतून विसर्जित केली. एवढे मोठे साम्राज्य ज्या बोलण्यांमुळे कोसळले ती बोलणी नेमकी काय झाली, याची पडताळता येईल अशी नोंद खेळातल्या कोणत्याही वस्तूत नाही. पडलेल्या जहाजांची मोजदाद शंभर टक्के आणि पाडणाऱ्या शब्दांची शून्य, असा हा हिशेब आहे.

किलमेलची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिचा क्रमांक आणि हॅश एकदा दुसऱ्याला दिला की तो त्याच्याकडेही झाला आणि माझ्याकडेही उरला. त्यामुळे ती पडताळता येते, पण विकता येत नाही. याउलट, विकता येणारी पण पडताळता न येणारी वस्तूही या खेळात बरीच वर्षे होती, आणि नव्या खेळाडूंना ती ठाऊक नसते म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो. अवकाशातील एखाद्या जागेची खूण, म्हणजे बुकमार्क, पूर्वी जहाजाच्या पोटात ठेवता येणारी खरीखुरी वस्तू बनवता येई. २००६ च्या अखेरपर्यंत जहाज प्रवासात दुसऱ्या सूर्यमालेत नेणाऱ्या दरवाजापासून १५ किलोमीटर अलीकडे थांबायचे आणि ते अंतर कापताना लुटारू गाठायचे. म्हणून खेळाडू दरवाजाच्या अगदी जवळ पोचवणाऱ्या खुणा करून ठेवत. त्यांना ‘इन्स्टा’ म्हणत, आणि एकेका प्रदेशाच्या इन्स्टांचे गठ्ठे बाजारात विकले जात. ज्ञानाची वस्तू झाली, वस्तूला भाव आला. मात्र विकत घेतलेली खूण खाणीकडे नेईल की दबा धरून बसलेल्या टोळीकडे, हे तिथे पोचेपर्यंत कळण्याचा मार्ग नव्हता. पुढे थेट दरवाजापर्यंत जाण्याची सोय आली, आणि २०२० मध्ये खुणा वस्तूंच्या रूपातून काढून सामायिक फोल्डरांत ठेवण्याची पद्धत आली. ती सोयीची आहे हे मान्य, पण एक विलक्षण कल्पना त्यात हरवली याची मला हळहळ वाटते.

म्हणजे चॅटची विकण्याजोगी आणि पडताळण्याजोगी वस्तू करण्यासाठी लागणारे दोन्ही अर्धे भाग ईव्हने वेगवेगळ्या काळी स्वतःच तयार केले होते. ते एकत्र आले नाहीत इतकेच.

ते लहान प्रमाणात का होईना, पण एकत्र आलेले पाहायचे असतील तर माइनक्राफ्टकडे पाहावे. तिथे पुस्तकात मजकूर लिहून त्यावर सही करता येते. सही झाली की मजकूर बदलता येत नाही आणि लेखकाचे नाव पुस्तकावर कायम राहते. त्याची नक्कल करता येते, पण नकलेवर ती मूळची नक्कल आहे असे लिहिलेले येते, नकलेच्या नकलेवर तसे लिहिलेले येते, आणि त्यापुढे नक्कल होतच नाही. अस्सल, नक्कल आणि नकलेची नक्कल हा भेद आमच्या धंद्यात रोजचा आहे, आणि मुलांच्या समजल्या जाणाऱ्या खेळात तो इतका नेटका बसवलेला पाहून मला फार आनंद झाला होता. उणीव ही की ज्याच्या हाती सर्व्हरचे आदेश आहेत तो कुणाच्याही नावाचे पुस्तक निर्माण करू शकतो. म्हणजे सहीची किंमत सर्व्हर चालवणाऱ्याच्या सचोटीइतकीच. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीने जून २०२२ मध्ये, १.१९ या आवृत्तीपासून, चॅटच्या प्रत्येक संदेशालाही खेळाडूच्या किल्लीची गुप्तलेखी सही जोडली, आणि पुढच्याच महिन्यात आलेल्या १.१९.१ मध्ये संदेश आधी पाहिलेल्या संदेशांशी साखळीसारखे बांधले, जेणेकरून मागचे बोलणे गाळून एकच वाक्य पुढे करता येऊ नये. हे सगळे केले ते तक्रारी नोंदवण्यासाठी, आणि खेळाडूंनी त्याला मोठा विरोध केला. आपल्या बोलण्यावर सही हवी की नको, हे त्यांना कोणी विचारले नव्हते. तो विरोध मला रास्त वाटतो, आणि पुढे मी जे सुचवणार आहे त्यातली पहिली अट त्यातूनच आली आहे.

अट अशी की दोघांच्या संमतीशिवाय कागद होऊ नये. बोलणे बोलणेच राहावे. ज्या वेळी दोघांनाही वाटेल की झाले ते लिहून ठेवू, त्या वेळी एकाने खासगी चॅटमधील पहिली व शेवटची ओळ निवडावी, दुसऱ्याने ती पाहून मान्य करावी, आणि सर्व्हरने त्या दोन ओळींमधला सगळा मजकूर, एकही ओळ न गाळता, एका वस्तूत बंद करावा. सोयीचे तेवढे वाक्य उचलण्याची मुभा दिली तर सगळ्यांत मोठा धोका तिथेच निर्माण होईल. शिवकालीन पत्रांत मजकूर संपतो तिथे मोर्तब उमटवलेले असे, आणि त्यावर ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे असत. पत्राची मर्यादा येथे संपली, यापुढे कुणी काही जोडले तर ते पत्राचे नव्हे, असा त्याचा अर्थ. आपण आजही ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो, त्यातले मोर्तब हेच. चॅटच्या कागदाला शिक्क्याइतकीच या मोर्तबाची गरज आहे.

असा कागद विकत कोण घेईल, असे मला कॉर्पमधल्या एकाने विचारले. याचे उत्तर आपल्याकडच्या सावकारी पेढ्यांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. हुंडी हा शेवटी दिलेल्या शब्दाचाच कागद होता, आणि तो हातोहात फिरत असे. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडी मुदतीनंतर, शाहजोग हुंडी पेठेतल्या पतवान माणसाच्या हातीच द्यायची, आणि जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच. हुंडी हरवली तर पेठ लिहून देत, तीही हरवली तर परपेठ. चुकती झालेली हुंडी रद्द करून ठेवत, तिला खोका म्हणत. माझ्या ८० कोटींचा असा कागद असता तर बुडणार असे दिसताच मी तो कर्जदाराला ओळखणाऱ्या, त्याच्यावर दबाव आणू शकणाऱ्या एखाद्या मोठ्या कॉर्पला ५० कोटींना विकून मोकळा झालो असतो. ईव्हमध्ये भाडोत्री सैनिक आहेत, वसुली करणारे आहेत, दरोडेखोर आहेत. नाही ते त्यांना द्यायचे कर्जाचे विश्वसनीय कागद. कोणाचे कागद पडत्या भावाने विकले जातात हे बाजारात दिसू लागले की पत आपोआप आकड्यात उतरेल, आणि आज केवळ ओळखीपाळखीवर चालणारे कर्जव्यवहार अनोळखी नवख्या खेळाडूंनाही खुले होतील.

येथे एक गुंता आहे आणि तो ईव्हचा खास आहे. या खेळात पात्रे कायदेशीररीत्या विकली जातात. कंपनीच्या नियमांत बसवून एक खेळाडू आपले वर्षानुवर्षे वाढवलेले पात्र दुसऱ्याला देतो. मग वचन कोणाचे, पात्राचे की पात्रामागच्या माणसाचे? माझे उत्तर सातबाऱ्यावरून आलेले आहे. जमिनीवर बोजा असेल तर तो इतर हक्कांत दिसतो, आणि जमीन घेणारा तो पाहूनच घेतो. पात्राच्या नावावरचे न फिटलेले कागदही तसेच विक्रीच्या वेळी उघड दिसले पाहिजेत. माणूस बदलला तरी पात्राची पत त्याच पात्राला चिकटून राहील, आणि घेणाऱ्याला ते आधी माहीत असेल.

या कल्पनेवर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप हेरगिरीचा आहे. ईव्हमधील प्रत्येक मोठ्या युतीत शत्रूची माणसे बसलेली असतात. सरदारांचे संदेश बाहेर जातात म्हणून काही युत्या प्रत्येक सदस्याला पाठवलेल्या संदेशात एखाद्या शब्दाचा किंवा विरामचिन्हाचा फरक ठेवतात, म्हणजे फुटलेल्या मजकुरावरून फोडणारा सापडतो. एकतर्फी कागद करण्याची सोय दिली तर प्रत्येक हेराच्या हाती शिक्क्याचा माल येईल आणि कोणीही खेळातल्या चॅटमध्ये मोकळेपणी बोलणार नाही. आधीच बरेचसे बोलणे डिस्कॉर्ड आणि मंबल या खेळाबाहेरच्या ॲपांवर गेले आहे, जिथे कोणताही कागद खेळाच्या सर्व्हरला करता येणार नाही. म्हणूनच संमतीची अट मला सोडायची नाही. तिच्यामुळे लबाड माणूस संमतीच देणार नाही, हे खरे. पण ज्याला व्यवहार तोंडी ठेवायचा आहे आणि कागद म्हटले की जो विषय बदलतो, त्याच्याविषयी आमच्या कार्यालयाबाहेरच्या झाडाखाली बसणारा प्रत्येकजण काय ते समजून घेतो. ८० कोटी देण्यापूर्वी मला एवढे कळले असते तरी पुरे होते.

काहीजण या चर्चेत लगेच ब्लॉकचेनचे, म्हणजे अनेक संगणकांवर वाटून ठेवलेल्या नोंदवहीचे, नाव काढतात. ज्या जगाचा धनी एकच आहे आणि ज्याच्या सर्व्हरवर सगळेजण आधीच विसंबून आहेत, तिथे शिक्का त्या सर्व्हरचाच पुरतो. किलमेलने ते सिद्ध करून दाखवले आहे. कंपनीने २०२२ मध्ये ट्रँक्विलिटीवर एनएफटी (ब्लॉकचेनवर मालकी नोंदलेल्या डिजिटल वस्तू) येणार नाहीत असे जाहीर केले, तो निर्णय मला पटला. मला हवा आहे तो खेळाच्या आत जगणारा आणि आयएसकेमध्येच विकला जाणारा कागद. खऱ्या रुपयांच्या बाजारात त्याने पाऊल ठेवू नये.

तोपर्यंत आहे त्या साधनांत काय करता येते, हे सांगणे परीक्षणाचे काम आहे. चॅटवर विसंबण्याऐवजी खेळातले टपाल वापरावे. ते सर्व्हरवर राहते, आणि ज्याला ते आले तो ईएसआयची परवानगी देऊन तिसऱ्या माणसाला मूळ पत्र दाखवू शकतो. भरती करताना अनेक कॉर्प उमेदवाराकडून अशी परवानगी मागतातच. पुढे धाडलेले पत्र मात्र पुन्हा साधा मजकूर होते, म्हणून ते मानू नये. माल पोचवायचा असेल तर कुरिअरचा करार उत्तम आहे, कारण त्यात तारण आधीच अडकवलेले असते आणि माल न पोचल्यास ते मालकाला मिळते. जोखीम वाहणाऱ्याच्या गळ्यात बांधणारी ही रचना या खेळातील वचनव्यवहाराचा सर्वांत पक्का भाग आहे, आणि तिला मी पैकीच्या पैकी गुण देतो. किलमेललाही तेवढेच. चॅटलॉगला स्मरणवही म्हणून चांगले गुण, दस्त म्हणून काहीही नाही. पुरावा म्हणून हॅशचे महत्त्व आता आपल्या कायद्यानेही ओळखले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात हॅश लिहिण्याची जागा आहे. ज्या कंपनीने नष्ट झालेल्या एकेका जहाजाला हॅश दिला, तिला दोन माणसांच्या ठरावाला तो देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड जाऊ नये.

रोख उसनवारीसाठी मी आता एक पद्धत ठेवली आहे. आयएसके पाठवताना कारण लिहिण्याची एक छोटी जागा असते, आणि ते कारण दोघांच्याही पाकिटाच्या जमाखर्चात रकमेसोबत उमटते. मी रक्कम पाठवताना तिथे मुदत, व्याज आणि तारण थोडक्यात लिहितो, आणि रक्कम मिळाल्यावर कर्जदाराने मला १ आयएसके परत पाठवून कारणाच्या जागी ‘मान्य’ लिहायचे असते. जमाखर्च सर्व्हरचा असल्यामुळे तो कुणाला खोडता येत नाही. उणीव अशी की ईएसआयवरून मागच्या ३० दिवसांचीच नोंद मिळते, म्हणून कर्ज लांबले तर दर महिन्याला तो १ आयएसके आणि ते ‘मान्य’ नव्याने मागावे लागते. गेल्या महिन्यात दोघांनी तो पाठवला, एकाने टाळाटाळ केली, आणि त्याचे पुढचे हप्ते मी थांबवले आहेत.